ते ‘समस्त’ म्हणजे मी एकटी

प्रज्ञा, ते पत्रक मी लिहिलं होतं.

‘महापूर हा खेळ आहे काय?’ हा मथळा माझा. त्याखालचे सहा परिच्छेद माझे. ‘आम्ही विचारतो, उत्तर द्या’ ही ओळ माझी. आणि अगदी खाली ‘आपले, समस्त पूरग्रस्त नागरिक’ असं छापलं होतं, ते समस्तही मीच. माझ्या घरात पुराचं पाणी कधी आलेलं नाही. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो.

तू गेलीस त्याला आज पंधरा दिवस झाले. त्याआधी सात महिने मला हे एक वाक्य बोलायला वेळ होता. तू फोन उचलत होतीस. तुझ्या गडमुडशिंगीची बस माझ्या घराजवळूनच जाते. तरी मी बोलले नाही. आता बोलते आहे, जेव्हा तू मला काही विचारू शकत नाहीस. माझ्यासारख्या माणसांना आम्ही पत्रकात काय म्हणतो ते तुला माहीत आहे.

आपली ओळखही पत्रकावरूनच झाली होती. कॉलेजच्या गेटवर मी फीवाढीचं पत्रक वाटत होते. तू ते घेतलंस, चार पावलं गेलीस आणि परत आलीस.

“हे तू लिवलंयस?”

“हो. का?”

“एवढं बारीक अक्षर कोण वाचणार? माणूस चालतंय, उभारलेलं नसतंय. तीन पावलांत वाचून झालं पाहिजे. उद्या मला दे, मी मोठ्या अक्षरात लावून देतो.”

‘देतो’. तू कायम अशीच बोललीस, मी जातो, मी खातो, मी बघतो. कोल्हापूरच्या पोरींचं हे बोलणं मी घरी विसरले होते, कारण माझ्या वडिलांना, अण्णांना, घरात प्रमाण भाषा लागायची. पुण्याच्या मुलाखतीत तुला एकानं हसून विचारलं होतं, “येतो की येते?” तू म्हणालीस, “नोकरी दिली तर येतो, न्हाई दिली तर जातो.” नोकरी दिली नाही. तू आलीस परत आणि शिरोलीच्या फौंड्रीत कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायला लागलीस.

दिवसभर पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग पडद्यावर फिरवून बघायचीस. स्वतःच्या काळजाची झडप लहानपणापासून गळकी. “शेकड्यानं झडपा पास केल्या,” म्हणायचीस, “माझीच तेवढी रिजेक्ट निघाली.” मी दर वेळी हसले. आता ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो. पण तू सांगितलेल्या विनोदावर हसणं हा काही माझा गुन्हा नाही. माझा गुन्हा वेगळा आहे, तिकडेच येते.

मी पत्रकांवर वाढले हे तुला माहीत आहे. अण्णा छापखान्यात टायपिंग करायचे आणि सुट्टीच्या दिवशी चळवळीची पत्रकं फुकट लावून द्यायचे. ‘जाहीर निषेध’ मधला ‘नि’ मी पाटीवर गिरवायच्या आधी वाचला. बिंदू चौकातल्या सभेत अण्णांच्या खांद्यावर बसून मी गठ्ठ्यातली पत्रकं खाली सोडायचे. खाली कुणाचं नाव घालायचं हा प्रश्न प्रत्येक वेळी यायचा. अण्णा सांगायचे, “एकट्याचं नाव घातलं की माणसं त्याच्या घरी जातात. समस्त घातलं की कुणाच्या घरी जाणार?” ते खरंच होतं. ज्यांच्याविरुद्ध ती पत्रकं असायची त्यांच्याकडे गाड्या होत्या, माणसं होती, काठ्या होत्या. ‘समस्त’ ही आमच्यासारख्यांच्या डोक्यावरची छत्री होती.

ती छत्री मी तुझ्याविरुद्ध उघडली. तुझ्याकडे काय होतं? एक जुना लॅपटॉप आणि एक नाव.

फौंड्रीतून घरी येऊन तू रोज थोडं थोडं करून लॅपटॉपवर, एका गेममध्ये, एक गाव बांधलंस. त्या गेमचं नाव तू ‘पातळी’ ठेवलंस. खेळणारा म्हणजे नदीकाठच्या गावचा निवडून आलेला पुढारी. पाऊस लागलेला, धरणातून पाणी सुटणार, हातात दोन नावा, एक ट्रॅक्टर आणि समोर अकरा घरं. कुणाला आधी बाहेर काढायचं आणि कुणाला ‘उद्या बघू’ म्हणायचं ते त्यानं ठरवायचं. सहा दिवस पाणी चढतं. सातव्या दिवशी उतरतं, आणि पुढाऱ्याला अकराही दारांत जावं लागतं. प्रत्येक दारात एक माणूस त्याला बोलतो. खऱ्या माणसांचे आवाज होते ते. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात, रविवारी रविवारी जाऊन तू फोनवर भरून आणलेले. ते बोलणं तोडून पुढं जायला तू बटण ठेवलं नव्हतंस.

मला व्हिडिओ गेमचा तिटकारा होता. पोरांना गुंगीत ठेवायचा धंदा, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. तू ते वाचून म्हणालीस, “बरोबर हाय. पण का गुंगी येती ते लिवलं न्हाईस.” आणि मग मला बसवून समजावलंस. राज्य चालवायच्या गेममध्ये वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी असते. ती म्हणजे लोकांची खुशी. कर वाढवला की पट्टी कमी होते, जत्रा भरवली की वाढते.

“लोकं म्हंजे पट्टी?” तू म्हणालीस. “पट्टीला तोंड असतंय व्हय? असला गेम खेळून मोठं झालेलं पोरगं उद्या आमदार झालं तर ते पट्टीच बघणार की.”

निर्णय चुकला तर मागं जाऊन बदलायची सोयही तू काढून टाकली होतीस. “पुढाऱ्यास्नी ती सोय हायच. मागची तारीख घालून फाईल करत्यात. माझ्या गेममध्ये न्हाई.”

एवढं सगळं पटत असूनही मी भांडले, कारण मला शिक्षा हवी होती. दसरा चौकात कटवडा खाताना आपण इतक्या मोठ्यानं बोलत होतो की शेजारच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, “पावणं, निवडणूक लागली काय?”

“खुर्ची गेली पाहिजे,” मी म्हणाले. “चौकशी लागली पाहिजे. चुकला की गेम ओव्हर.”

“गेम ओव्हर म्हंजे सुटका असती ग अशू. स्क्रीन काळी झाली की माणूस उठून चहा प्यायला जातंय. परत नवा डाव. दर पाच वर्षांनी तेच तर चाललंय. मी सुटका देणार न्हाई.”

“नुसतं ऐकून घेणं ही जबाबदारी?”

“खुर्ची सोडून पळाला तर उत्तर कोण देणार? त्याची खुर्ची?”

मला आजही तुझं पूर्ण पटलेलं नाही, प्रज्ञा. ज्यानं नाव पाठवली नाही त्यानं दारात उभं राहून ऐकून घेतलं म्हणजे भागलं, असं मी मानत नाही. त्यानं आधी खुर्ची सोडावी आणि मग दारात उभं राहावं. हे भांडण मला पुढची वीस वर्षं करायचं होतं. तू मेलीस म्हणून मी ते तुझ्या बाजूनं संपवणार नाही. तसं केलं तर तूच चिडली असतीस.

पण पटलं नाही ते तोंडावर सांगायचं असतं. मी काय केलं?

जिथले आवाज होते त्या गावच्या समाजमंदिरात तू गेम दाखवलास. मीही होते, गेममधला सातवा दिवस चालू झाल्यावर पोचलेली, मागच्या भिंतीला टेकून. बायका माउस धरायला लाजत होत्या. त्या अकरांतल्या शांताक्काच्या घराची पाळी आली आणि पडद्यावरून तिचाच आवाज आला, “माझ्या म्हशी काय कागदावरच्या हायत व्हय रं सायबा?” तेव्हा अख्खं समाजमंदिर हसलं आणि शांताक्कानं पदर तोंडाला लावला. तिनं पुढाऱ्याला काय काय सुनावलं ते ऐकताना पोरीबाळी टाळ्या पिटत होत्या. मी ते पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी लिहिलं.

त्याआधी तू मला तो गेम खेळायला दिला होतास. गेममधल्या तिसऱ्या दिवसापर्यंत खेळले. तिथं पुढारी पायरीवर डोकं धरून बसलेला दिसतो. मी माउस टाकला.

“याची दया यावी म्हणून दाखवलंस?”

“पुढं खेळ, मग बोल.”

मी पुढं खेळले नाही. पुढं काय असेल ते मला ठाऊक आहे, असं मला वाटलं. पत्रकं लिहिणाऱ्यांना असं फार वेळा वाटतं.

मग तो फोटो आला. पुण्यात कुठल्याशा प्रदर्शनात तुझा गेम मांडला होता आणि आपल्याच भागातले एक पुढारी तुझ्या खांद्याशेजारी हसत उभे होते. पुराच्या वेळी ज्यांचा फोन बंद होता असं ते गाव सांगतं, तेच. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, “मी काय बोलावलंतं व्हय? आला, उभारला, फोटो काढला, गेला. मला कळूस्तवर गाडीत बसला.” मी म्हणाले, “बाजूला व्हायचं होतंस.” मग म्हणालीस, “व्हय. व्हायला पाहिजे होतं.”

तू चूक कबूल केलीस. एका वाक्यात आणि स्वतःच्या तोंडानं. तरीही फोन ठेवून मी लिहायला बसले आणि तासाभरात पत्रक झालं. पूरग्रस्तांच्या अश्रूंचा बाजार, पुढाऱ्यांना सहानुभूतीचं प्रमाणपत्र, आयाबायांच्या हुंदक्यांवर करमणूक, असं सगळं त्यात होतं. प्रत्येक वाक्य खणखणीत होतं. तत्त्वासाठी लिहिते आहे असं मला वाटत होतं, आणि थोडं तसं होतंही. पण थोडं हेही होतं की दहा वर्षं पत्रकं लिहूनही मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

स्वतःचं नाव घालायला हात धजला नाही. ‘समस्त पूरग्रस्त नागरिक’ लिहिलं आणि कुणालाही न विचारता त्या गावातल्या पेपरांत घालून पाठवलं. लगेच त्याचा फोटो निघाला आणि ग्रुपाग्रुपांतून फिरला.

आठवड्याभरात बायकांचे तुला फोन आले. आमचा आवाज काढ. तू काढलास. पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांनीही ‘वाद नको’ म्हणून गेम उतरवला. दोन महिन्यांनी एक दिवस तू माझ्याकडे आलीस आणि घडी घातलेलं ते पत्रक टेबलावर ठेवलंस.

“अशू, हे समस्त कोण असतंय ग?”

“लोक असतात,” मी म्हणाले.

“नावं असत्यात काय त्यास्नी?”

“असतील की.”

तू माझ्याकडे बघितलंस. मग पत्रक उचललंस आणि म्हणालीस, “मथळा चांगला लावलाय. तीन पावलांत वाचून होतंय.” चहा पिऊन तू गेलीस. तुला कळलं होतं का? ते वाक्य तू सहज बोललीस की मला वाट करून दिलीस? सात महिने मी हेच उलटसुलट करत राहिले. बोलून टाकायचं सोडून, तुला कळलंय की नाही याचा अंदाज घेत बसले. चौकशी लागल्यावर पुढारी हेच करतात.

मग फेब्रुवारीत ताप आला आणि तुझ्या त्या रिजेक्ट झडपेनं तो पेलला नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या आईनं, काकींनी, मला तुझा लॅपटॉप दिला. “तुझ्याकडंच ठेव बाळ. तिचा तुझ्यावर लई भरवसा होता.” मी तो घेतला. त्या क्षणीही बोलले नाही. दुपारी घरी येऊन ‘पातळी’ उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत खेळले.

तिसऱ्या दिवशी तो पुढारी पायरीवर डोकं धरून का बसतो, ते दोन मिनिटं पुढं गेल्यावर कळतं. समोर फोटोवाला आलेला असतो. काळजीत बसलेल्या पुढाऱ्याचा फोटो हवा असतो. पडद्यावर एक बटण येतं, ‘फोटो काढा’. मी ते दाबून पाहिलं. फोटो छान निघाला. तेवढ्या वेळात नाव एक घर चुकली. दया दाखवलीस असा आरोप मी छापला होता, आणि तू त्याचं ढोंग दाखवत होतीस. दोन मिनिटं, प्रज्ञा. फक्त दोन मिनिटं आधी मी उठले होते.

सातव्या दिवशी मी दारं उघडायला लागले. अकरापैकी सात घरं गप्प होती. दार उघडतं, बाई दिसते, ओठ हलत नाहीत. खाली तू लिहिलं आहेस, ‘या बाईंनी आपला आवाज परत मागितला. तो त्यांचाच होता.’ आणि तिथंही पुढं जायचं बटण नाही. जेवढा वेळ ती बोलली असती तेवढा वेळ गप्प उभं राहावं लागतं. तुझ्या घरांना तोंडं होती. मी सात तोंडांची एक पट्टी केली आणि खाली ‘समस्त’ असं लिहिलं.

शेवटी इतर गेममध्ये बनवणाऱ्यांची नावं येतात तिथं तू ‘माझ्या चुका’ असं लिहून ठेवलंयस. फोटोला उभारलो. गावात दाखवायच्या आधी घरोघरी विचारायला पाहिजे होतं, विचारलं न्हाई. अशूला शेवटपर्यंत खेळायला लावलं न्हाई. खाली तुझं पूर्ण नाव.

माझी चूक तू तुझ्या नावावर घातलीस.

तुला वाटेल, हे वाचल्यावर तरी मी सरळ झाले असेन. नाही झाले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला काकींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. नदीकाठच्या गावातूनही माणसं आली होती. मी उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले, सत्तेला जाब विचारणारी कलावंत, निर्भीड, बाणेदार, वगैरे. माझा आवाज कापत होता आणि लोकांना ते दुःख वाटलं. एकानं नंतर येऊन सांगितलं, “ताई, लई बोललासा.” अण्णा शेवटच्या ओळीत बसले होते. घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, “ते पत्रक तुझंच ना? ‘उत्तर द्या’च्या आधी स्वल्पविराम फक्त तू देतेस.”

मी हो म्हणाले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा हो म्हणाले, तेही पकडले गेल्यावर. आधीच्या महिन्यांचा हिशेब मी तुला सात असा दिला होता, कारण तू टेबलावर पत्रक ठेवलंस तेव्हापासून मी मोजते आहे. त्याआधीचे दोन महिने मी खूश होते. तेही सांगून टाकते.

काल मी शांताक्काकडे गेले. काकींकडे आधी जायला हवं होतं, पण पाय तिकडे वळले नाहीत. उद्या जाणार आहे. शांताक्का गोठ्यात शेण भरत होती. मला बघून म्हणाली, “ये की. प्रज्ञाची मैत्रीण न्हवं तू? त्या दिवशी भाषाण केलंस.”

तिनं शेणाची पाटी खाली ठेवायचीही मी वाट पाहिली नाही. “अक्का, ते पत्रक आलं होतं ना, गेमच्या विरोधात. ते मी लिहिलं होतं.”

“तू?”

“हो.”

“आणि बाकीची?”

“बाकी कुणी नव्हतं. मी एकटीच.”

तिनं हात पदराला पुसले आणि गोठ्याच्या कट्ट्यावर बसली. नजर म्हशीवरच होती.

“मी म्हटलं, सगळ्यांचं मत पडलंय,” ती म्हणाली. “म्हटलं, आपुनच तेवढं खुळं. आपल्याला आवडलंतं, पण सगळ्यास्नी वंगाळ वाटत असंल तर आपला आवाज कशाला त्यात? शेजारीण बी तसंच म्हणाली. तिला बी आवडलंतं की. कुणी कुणाला बोललंच न्हाई.” मग म्हणाली, “सायबाला इतकं मी जन्मात कधी बोलले नव्हते. पोरीनं बोलवून घेतलं माझ्याकडनं. आणि मीच फोन करून म्हटलं, काढ.”

मला माफ करा, असं मी म्हणाले. तिनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

“मग आता परत घाल माझा आवाज.”

“अक्का, मला ते येत नाही. ते प्रज्ञालाच यायचं.”

शांताक्कानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“लिवायला बरं आलं,” ती म्हणाली.